शून्याची अडचण

शेफील्डमध्ये चारलाच अंधारतं.
तळघरात, गाड्यावर उलटा लंबक,
बाजूला ग्लिनिसने टाकलेली जुनी उशी:
"पडू दे त्याला खुशाल, माझी फरशी नको फोडूस."

महिनाभर एक फलन शोधत होते.
वाडग्यासारखं हवं, तळाशी शून्य,
आणि गाडा कसाही धावो,
काळाबरोबर उतरत जाणारं.
शोधायची रीत कुठेच दिलेली नाही.
पुस्तक नुसतं म्हणतं, "समजा, असं घेतलं",
जशी शरयूआत्या सांगायची: मीठ, अंदाजाने.

परवा रात्री सापडलं.
अवकलन केलं, पदं एकमेकांना खाऊन गेली,
उरला उणे वेगाचा वर्ग.
म्हणजे वेग शून्य, तिथे उतरणंही शून्य.
वाटेत कुठे थबकलाच गाडा
तर माझी सिद्धता
त्याला हूं की चूं करणार नाही.

मग आणखी एक पान.
थबकेल, कबूल.
पण थांबून राहील का तिथे?
पाच ओळी. नाही राहणार.

आज स्विच दाबला.
मोटर कुरकुरली, गाडा दोनदा हुकला,
आणि दांडा उभा राहिला
बारीक थरथरत,
पोरं तळहातावर काठी तोलतात तसा,
नजर सगळी टोकावर.

दारात ग्लिनिस बूट चढवत होती,
एका पायावर,
एप्रिलमध्ये बदललेल्या खुब्यावर,
भिंतीला हात न लावता.

मी कोणाकडे बघू?

"झालं का गं?" म्हणाली,
आणि जाता जाता
उशी काखोटीला मारून घेऊन गेली.