मोजा

अठ्ठावन्नाव्या दिवशी अंडी फुटली.
बोहुमीरनं वहीत लिहिलं: सहा ठणठणीत.
सातव्याच्या कण्याला तीन गाठी,
डोळ्यांच्या जागी नुसते खवले.

रंग मात्र हवा तसाच, फिकट केशरी.
त्या रंगापायीच त्यानं
बहीणभाऊ एका पेटीत ठेवले होते.

रादोवान म्हणाला, फ्रीजरमध्ये टाक,
थंड रक्ताचं जनावर, झोपेत जाईल.
पूर्वी टाकलं होतं त्यानं. दोनदा.
मग डॉक्टर व्लास्ता फोनवर बोलली:
बर्फ आतून टोचत जातो, बोहुमीर.
झोप नसते ती.
तेव्हापासून मटार काढतानाही
त्याचा हात दारावर अडतो.

म्हणून आज, उणे नऊमध्ये,
ब्रनोच्या ट्रामनं,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, शर्टाच्या आत,
पेन्सिलीएवढा एक जीव उबवत
तो निघाला आहे
त्याला मरण द्यायला.
समोरची मुलगी विचारते,
आजोबा, छातीत दुखतंय?
नाही, म्हणतो तो. हात काढत नाही.

टेबलावर ते जीभ बाहेर काढतं,
दुभंगलेली, म्हणजे अगदी जशी हवी तशी,
आणि खोलीचा वास चाखतं.
आधी गुंगीची सुई. मग दुसरी.
सापाचं हृदय सांगितलेलं लगेच ऐकत नाही.
ठोके मोजा, व्लास्ता म्हणते,
आणि यंत्राचा आवाज वाढवते.
तो मोजतो.
एकोणिसाव्यानंतर बराच वेळ
विसाव्याची वाट बघतो.

परतीच्या ट्राममध्ये मोजा अजून कोमट आहे.
वहीत ‘पुढची जोडी’ असा रकाना आहे.
पेन खिशात आहे.