दावं

महिन्याच्या पहिल्या सोमवारी
दाएंग रुरुंग भाताच्या बांधावरून येतो,
बूट खाली ठेवून बांबूची शिडी चढतो
आणि विजेरी भिंतीला तिरकी धरतो.
समोरून धरली तर नुसता डाग.
तिरकी धरली की डुकराच्या मानेवरचे केस
एकेक उभे राहतात.

सुलावेसीतले हे डोंगर चुन्याचे,
शेतातून एकदम उठलेले,
पंगतीतून कुणी रागाने उठावं तसे.
पलीकडे सिमेंटचा कारखाना.
दुपारी दोनला सुरुंग,
मग वटवाघळांचा काळा कल्लोळ,
मग कितीतरी वेळ
हवेतून खाली बसत राहणारं पीठ.

खात्याने दिलेल्या वहीत चार रकाने:
तारीख. जागा. नुकसान. शेरा.
शेरा त्याने आजवर कोरा सोडलेला.

त्याच्या बापाच्या वेळी ही भिंत कुणाचीच नव्हती.
बाप इथे वटवाघळांची लीद पोत्यात भरायचा
मिरचीच्या वाफ्यांसाठी,
आणि दम खायला बसला की बोट दाखवायचा:
ती बघ आनोआ, रानातली ठेंगणी म्हैस.
ते बघ सहा जण, करंगळीएवढे,
एकाला चोच आहे, एकाला शेपूट,
आणि सगळ्यांच्या मुठीतून निघून
म्हशीच्या गळ्याशी गेलेलं
गेरूचं एकच बारीक दावं.

शिकार, असं नंतर आलेले साहेब म्हणाले.
पट्टी लावून, कणभर खरवडून, वर्षं मोजून म्हणाले.
बाप म्हणायचा, छे,
म्हैसच त्यांना ओढून नेतेय, भिंतीच्या आत.
दाव्याला दोन टोकं असतात, पोरा.
जोर कुठल्या टोकाला आहे
ते चित्रात काढता येत नाही.

आता खडकातून मीठ फुलतं.
रंगाच्या पाठीमागे शिरतं, हळूच पापुद्रा उचलतं
दुधावरची साय उचलावी तसा.
बावीस वर्षांच्या वह्या आहेत त्याच्याकडे:
चोच गेली, नखाएवढी.
डावीकडून तिसऱ्याचा गुडघा.
दावं, मुठीपासून दोन बोटं.
दावं, मधला भाग.
हातांच्या ठशांपुढे काय लिहावं, त्याला कधीच कळलं नाही.
कुणीतरी तळवा टेकवला, तोंडातला रंग फुंकला
आणि तळवा काढून घेतला.
तिथे हात तेव्हापासूनच नाही.
नुकसान कुठून मोजायचं?

या सोमवारी रन्नू बरोबर होती,
नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी, गुडघा खरचटलेला.
विजेरी तिच्या हातात.
म्हशीच्या गळ्याशी उरलेला
तांदळाएवढा तांबडा कण
आज नव्हता.
तो खाली वाकून शोधत होता,
ओल्या बोटाने धूळ टिपत,
तेव्हा वरून ती म्हणाली,
तेत्ता, सुटली.

काय सुटली?

म्हैस.

तो उठला. बघितलं.
सहा जण, हात पुढे, रिकामे,
दावं हिसडलं गेल्यावर राहतात तसे,
किंवा होडी लांब गेल्यावर
धक्क्यावर राहतात तसे.
आणि म्हशीचा पुढचा पाय,
जो इतकी वर्षं त्याला अडखळलेला वाटायचा,
तो उचललेला होता.

नुकसान, त्याने लिहिलं: दावं, शेवटचा अंश.
मग बराच वेळ पेन तोंडात.
मग शेऱ्यात:
म्हैस सुटली.

पंधरा दिवसांनी मकास्सरहून कागद आला, शिक्क्यासकट.
शेऱ्यात मत नोंदवू नये. फोटो जोडावा.

त्याने जोडला.
तिरक्या उजेडातला, रन्नूने काढलेला,
कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला.