जे आधी होईल ते

अंबडला पोचलो तेव्हा साडेनऊ.
गेटवरच्या पोरानं सलाम केला, गाडीला.
मी काच खाली केली, म्हणून मग मलाही.

ऋत्विक नावाचा मुलगा टॅब घेऊन आला.
काका, बिनघोर राहा, म्हणाला,
पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटर,
जे आधी होईल ते,
तोवर एक रुपया नाही.
ऑइल आमचं, फिल्टर आमचा,
कूलंट, मजुरी, सगळं गाडीच्या किमतीतच धरलेलं.
धरलेलं म्हणजे साहेबांनी भरलेलं,
हे मी मनातल्या मनात.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय,
फुकट काय मिळतं ते मला ठाऊक आहे:
लग्नातलं अत्तर, आणि सल्ला.

काही तक्रार?
आहे. आवाज येतो.
कुठून?
खालून, उजवीकडून. ब्रेक दाबला की
कट्. सुपारी फोडल्यासारखा.
त्यानं टॅबवर लिहिलं: ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज.
ग्राहक!
मी शर्टाची कॉलर नीट केली.

वरच्या मजल्यावर सोफा, कॉफी.
कॉफीही योजनेतलीच असावी.
कपाखाली रुमाल धरून प्यालो, सोफा पांढरा होता.
काचेतून खाली दिसत होती ती,
लिफ्टवर, चारी पाय अधांतरी,
आणि दोघं जण टॉर्च मारून तिच्याखाली.
इतकं निरखून तर आमच्यात
मुलगी बघायला गेल्यावरही बघत नाहीत.

दीड तासानं ऋत्विक सहा पानं घेऊन आला,
प्रत्येक चौकोनात हिरवी खूण.
दोष आढळला नाही.
ब्रेक पॅडही सत्तर टक्के शिल्लक, काका.
ते झिजले तर मात्र योजनेत बसणार नाही हां,
झीज आम्ही धरत नाही.
बरोबर आहे, म्हटलं.
झीज कोण धरतं.

त्रिमूर्ती चौकात काही नाही.
सिटी सेंटरच्या सिग्नलला, कट्.
एसी बंद केला, रेडिओ बंद केला, श्वास धरला.
एबीबी सर्कलला पुन्हा.
महात्मानगरच्या अलीकडे एका टपरीपाशी
गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं,
दार उघडून उजवा पाय खाली टेकवला,
उठलो.
कट्.

गाडी तर बंद.
मी परत बसलो. परत उठलो.
चहावाला पातेलं ढवळायचं थांबला,
बाबा, काही हरवलं का?
सापडलं, म्हटलं. एक कटिंग दे.

हाच गुडघा. ट्रॅक्सचा ब्रेक
कसाऱ्याच्या उतारावर जवळजवळ उभं राहून दाबायचा,
मागे दहा माणसं, टपावर त्यांचं सामान,
आणि मालक म्हणायचा, दाब, अजून दाब.
नंतर क्वालिस, नंतर इनोव्हा, नंतर ही,
जिचा ब्रेक नुसत्या अंगठ्यानं लागतो.
त्या पायाचे किलोमीटर किती झाले असतील?
त्याला मीटर नव्हता.

बंगल्यावर धात्रक साहेब पोर्चमध्येच उभे.
पाचपैकी पाच तारे द्या म्हणून
त्यांना कंपनीचा फोनही येऊन गेलेला.
गेला का आवाज, रंगनाथ?

या गाडीचं दार आपटायचं नसतं,
नुसतं टेकवलं की आपलं आपण लागतं.
मी उतरलो, आणि उतरता उतरता
जोरात आपटलं.

गेला, साहेब.