काना

सोहारच्या इस्पितळात, तळघरात, एसीखाली शाल घेऊन
मी दुसऱ्यांच्या जखमा पुन्हा वाचते.
दर दहावी फाइल.
रात्री तीनला घाईत कागदावर लिहिलेलं
आणि सकाळी संगणकात भरलेलं
एकच आहे का, एवढंच बघायचं.

नसतं.
डावा हात उजवा होतो.
मोटरसायकलवरचा माणूस 'पादचारी',
कारण सापडला तेव्हा जवळ मोटरसायकल नव्हती.
ठिकाणाचा रकाना रिकामा दिसला की कोणीतरी 'घर' भरतं,
मग बंदरात क्रेनखाली गेलेला पाय
घरी चिरडतो.

शंभरात अठ्ठ्याऐंशी जुळल्या तर डॉक्टर हिलाल खूश.

आज फाइल तीनशे दहा.
जाफर हमदुले, चौतीस, वेल्डर.
शिडी, चार मीटर. मणका.
संगणकात: पडणे, अनवधानाने.
कागदावर, 'रुग्णाचे शब्द' या ओळीत
शाइनी सिस्टरने (कोट्टयमची, तिला ना त्याची भाषा येते ना माझी)
ऐकू आलं तसं इंग्रजी अक्षरांत उतरवलंय:
पी ए डी एल ए.

पडला?
पण माहिती देणारा: 'स्वतः'.
स्वतः पडणारा 'पडलो' म्हणतो.
म्हणजे मुकादम बोलला असेल शेजारी उभा राहून,
आणि 'स्वतः'वर टिक सवयीने पडली असेल.
किंवा हा दाभोळच्या खाडीकडचा.
माझी आत्या तिकडे दिलेली,
तिथं म्हणतात, मला पाडला.

एक काना.
इंग्रजीत तो उमटत नाही.
उभी रेघ, शिडीच्या एका दांड्यासारखी,
कोणीतरी काढून घेतलेली.

शाइनी सुट्टीवर. फोन बंद.
वॉर्डात विचारलं, तर गेल्याच महिन्यात
त्याला विमानात आडवा घालून गावी पाठवलाय.
फाइलमध्ये नंबर आहे, कंपनीचा.

माझ्या फॉर्मला दोनच चौकटी:
जुळते, जुळत नाही.
जेवणाची सुट्टी संपली तरी पेन हातातच.
मग समासात, इथं कोणी तपासणार नाही अशा लिपीत,
दोन्ही शब्द लिहिले, एकाखाली एक,
आणि चौकटी तशाच सोडल्या.

फाइल तीनशे वीस.
चहाने भाजलेलं मूल. ठिकाण: घर.
हे जुळतं.