तळपाय, डावा

स्क्रीनवर एकच रकाना रिकामा आहे.
कापलं ते काय होतं, एवढंच विचारतो.
माझ्याकडे कोड दोन : साधा, आणि दुसरा.
दुसऱ्याचं नाव मी काउंटरवर मोठ्यानं घेत नाही.

द्रौपदी तांडेल, राहणार दांडी, मालवण.
वय अडुसष्ट. पायाला सुकटीचा वास,
धुऊन आल्या होत्या तरी.
नुसता तुकडा घेतला की मुळासकट काढला,
टाके किती, कडेसह किती मिलिमीटर,
ते सगळं मी भरलं.
पाठीवरचा तीळ स्वस्त, मानेवरचा जरा चढा,
तळव्याचा त्याहून महाग.
अंगावरसुद्धा बाजारपेठ असते आणि मागची गल्ली असते,
हे मला या नोकरीत कळलं.

'दिसायला बरा नाही म्हणून काढला' असं पडलं
तर विमा कंपनी छदाम देत नाही.
मॅडम, तळव्याखालचं दिसणार कुणाला?
मी फोनवर विचारलं.
पलीकडे बराच वेळ सनई वाजत राहिली.

बाई काचेच्या भोकाशी वाकून म्हणाली,
"माझी आवस सांगी, पायाक तीळ आसा,
ह्या चेडू लांब जातला.
मी कधी कुडाळाफुडे गेलंय नाय.
आता तो तीळच गेलो.
खंय धाडलास गे तेका?"
कोल्हापूरला, मी म्हटलं. बाटलीतून. कुरिअरनं.
ती हसली. खालचे दोन दात.
"बघ. गेलोच मगे."

रोज संध्याकाळी हिशेब मिटवताना
सिस्टीम विचारते, एक बिल उघडं आहे, बंद करू?
मी 'नाही' दाबते.
अकाउंटवाले सामंत दोनदा येऊन गेले,
साध्यात टाक, मग बदलू, म्हणाले.
बदलता येतं, हे खरं आहे.
तरी माझं बोट त्या कळीवर जात नाही,
आणि दुसऱ्या कळीवर तर नाहीच.

आज नववा दिवस.
ती पुन्हा आली, एका पायात चप्पल,
दुसऱ्याला बँडेजवरून दुधाची पिशवी बांधलेली,
रबरबँडनं.
रांग सोडून थेट काचेशी.
"इलो काय गे?"
बोटीवरून घरचं कुणी उतरायचं असावं
तसं विचारलं तिनं.

नाय, म्हटलं, अजून नाय.
मग ती बाकावर बसली,
पाय वर घेऊन.