शेरा

बाटलीवर पट्टी चिकटवलेली:
आंबेखिंड चाळ, दिघा. सार्वजनिक नळ क्र. ३.
पहाटे ४.२०.
अक्षर बाळाराम चावीवाल्याचं, पेन मध्येच सुकलेलं.

वास नाही. गढूळ नाही.
क्लोरीन शून्य; तिथंच ओळखायला हवं होतं.
मग दोन थेंब याचे, दोन थेंब त्याचे,
आणि दहा मिनिटं थांबायचं.
त्या दहा मिनिटांत मी डबा खाते. शेपू होती.

परत आले तर नळीत गुलाबी.
कोकमाचं आगळ पाण्यात पहिल्यांदा सोडावं
तसा, खालून वर चढत गेलेला.
एखाद्या लहान मुलीच्या फ्रॉकला शोभला असता.

छापील फॉर्मवर सतरा रकाने.
या रंगाला रकाना नाही.
तो खाली जातो, 'शेरा' लिहिलंय तिथं,
दीड ओळ जागा, त्यातच साहेबांची सही.
नायट्राइट, मी लिहिलं.
मग त्यावरूनच पुन्हा गिरवलं,
जणू ठळक अक्षराची फाइल लवकर उतरते.

चाळीत गेले.
पारसिकच्या उतारावर पाइप कसा येतो
ते बघावंच लागतं:
सामाईक संडासाच्या टाकीला खेटून,
मग नाल्याच्या पोटातून,
सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
त्यावर पाय देऊन पोरं पलीकडे जातात.
पाणी पहाटे पाऊण तास.
उरलेले सव्वातेवीस तास पाइप रिकामा,
आणि रिकामा पाइप ओढत राहतो
शेजारी जे असेल ते.

कौसल्या गायसमुद्रे दारातच होती.
बाळ अडीच महिन्यांचं, बारसं राहिलेलं.
दूध डब्यातलं, पावडरीचं.
"आधी ओठ जांभळे झाले. मला वाटलं, थंडी.
मग नखं. काजळ पुसल्यागत."
दवाखान्यात रक्त काढलं
तर चहाच्या चोथ्यासारखं निघालं.
डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं, निळंशार.
"मी वरडलेच, लेकरू आधीच निळं झालंय,
त्यात अजून निळं कशाला घालता?"
तासाभरात तळवे गुलाबी झाले.

गुलाबी, ती पुन्हा म्हणाली,
आणि इवलीशी मूठ उघडून मला दाखवली.
तो रंग मी सकाळीच पाहिला होता.

"पण ताई, मी तर वीस-वीस मिनिटं उकळत व्हते.
तुम्हीच सांगितलं ना, अंगणवाडीत,
उकळलं की समदं मरतं."

सांगितलं होतं. फलक घेऊन.
पातेल्याचं चित्र, त्यावर वाफेच्या तीन रेघा.

जे जिवंतच नाही ते मरणार कसं?
पाणी उडून जातं, ते जात नाही.
ते पातेल्यात बसून राहतं.
तिनं जितका जीव लावून उकळलं
तितकं ते दाट होत गेलं.

हे तिला सांगायचं होतं.
मी म्हटलं, नळ बंद करतोय,
दुपारपर्यंत टँकर येईल.
बाळारामनं चावी लावली, दोन्ही हातांनी,
गंज कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला.

तिनं पातेलं पालथं घातलं.
मग काय वाटलं कोण जाणे, सुलटं केलं.
"टँकरचं उकळू का नको?"

बाळाराम माझ्याकडे बघत होता.
त्याच्या सुनेला सातवा लागलाय.