अर्धं हळकुंड

मिरजेच्या दवाखान्यात तेवीस दिवस,
त्यातले अकरा मशीनवर.
ते अकरा माझ्याकडे नाहीत.
राजमतीकडे आहेत, तिच्या पिशवीत,
पावत्यांबरोबर घडी घालून.

मला आठवतं ते एवढंच:
कुणीतरी म्हणत होतं, काका, हात दाबा, माझा हात दाबा,
आणि मला वाटलं, जुन्या पद्धतीनं
रुमालाखाली भाव चाललाय.
मी दोन बोटं दाबली.
"दाबला!" ती ओरडली.
एवढ्यात कुणी कबूल होतं का, म्हणणार होतो,
पण तोंडात नळी होती.

पुराचा गाळ काढला होता गोदामातला, अनवाणी.
टाचेला एक भेग. तेवढी पुरली.
डोळे पिवळे झाले तेव्हा हमाल हसले,
तीस वर्षं हळद पारखतोय जिनगोंडा,
शेवटी अंगी लागली.

घरी आलो तशी माणसं आली,
शहाळी आली, चिकू आले.
वाचलास हेच खूप, म्हणाले सगळे.
महिन्याभरानं
'हेच खूप' तेवढं उरलं.

ॲडमिटला तारीख असते, डिस्चार्जला असते,
शिक्क्यासकट.
बरं होण्याला नसते.

दहाही नखांवर आडवी चर उमटलीय,
पट्टी ठेवून एकाच दिवशी आखल्यासारखी.
ती वर सरकते. मी बघत बसतो.
राजमती नेलकटर घेऊन येते तेव्हा म्हणतो, थांब,
दवाखाना अजून टोकाला आलेला नाही.

जिना अकरा पायऱ्यांचा.
दसऱ्याला तीन झाल्या,
दिवाळीला सात आणि मध्ये एक बसकण,
संक्रांतीला पुन्हा चार.
का, ते फिजिओच्या मुजावरलाही सांगता येईना.
माझ्या पोराच्या वयाचा आहे,
रबरी चेंडू देऊन गेलाय, दाबत राहा म्हणून.

एकदा फाटकापर्यंत एकटा गेलो
तर हिनं सांगलीभर फोन लावले,
हुबळीच्या नणंदेलासुद्धा.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात
ते आमच्याच घरातनं निघालं असणार.

मग नवी आवक सुरू झाली.
म्हेत्रे मूठभर हळकुंडं ठेवून गेला.
यार्डात सगळे विचारतात, म्हणाला.
कोण सगळे, मी विचारलं नाही.
माझ्या जागी कोण बसतं, तेही नाही.

काम तसं एवढंच होतं माझं:
हळकुंड घ्यायचं, कानाजवळ धरायचं,
दोन अंगठ्यांत मोडायचं.
कट्ट वाजलं की पक्कं.
आत केशरी दिसलं की भाव बोलायचा.
दिवसाला शेकडो.

आता चेंडू बाजूला ठेवलाय.
रोज सकाळी एक हळकुंड.
रोज तेच जिंकतं.
अंगठे थरथरतात,
पिवळे तेवढे होतात.

काल मोडलं.

राजमती ओल्या हातानं धावत आली,
दोन्ही तुकडे कपाळाला लावले,
आणि लगेच हुबळी.

मी गप्प.
आवाज फुसका होता.
आत काळपट, नुसता भुसा, किडीनं पोखरलेलं.
शेजारच्या पोरानंही मोडलं असतं.

तीस वर्षं पारख्याची बायको आहे ती,
तिला कळलं नसेल असं नाही.
तरी फोनवर सांगत होती,
कट्टकन वाजलं, मी आतनं ऐकलं.

मी बोटं हुंगली.
उरलेली सगळी तळहातावर घेऊन एकेक तोलली,
आणि त्यातलं सगळ्यात जड
उशीपाशी ठेवलं.